शिकतां शिकतां शिकविणें

कुर्डुवाडीच्या एका वयोवृद्ध वाचकांचें पत्र आमच्यापुढें आहे. त्यांची नात सोलापुरास विज्ञानशाखेच्या शेवटच्या वर्षांत शिकते. पहिल्या वर्षाच्या कच्च्या विद्यार्थ्यांना आठवड्यांतून दोन दिवस तिनें गणित समजावून द्यावें, असें तिच्या प्राध्यापकांनीं सुचविलें आहे. वडील म्हणतात, परीक्षेच्या वर्षीं दुसऱ्यांचीं ओझीं कशाला? आजी म्हणते, विद्या दिल्यानें वाढते. नात गप्प आहे; आणि आजोबांनीं निकाल आमच्यावर सोंपविला आहे.

ही चाल नवी नव्हे. जुन्या सुभाषितकारानें विद्येचे चार वांटे केले आहेत: एक गुरूकडून, एक स्वतःच्या बुद्धीनें, एक काळाच्या ओघांत, आणि उरलेला सहाध्यायांकडून. मद्रासेच्या अनाथालयाचे अधीक्षक डॉ. अँड्र्यू बेल यांनीं वाळूंत अक्षरें गिरविणारीं मुलें पाहिलीं, मुलांकरवींच मुलांना शिकविण्याची पद्धत बसविली, आणि १७९७ सालीं लंडनांत तिच्यावर पुस्तिका प्रसिद्ध केली. आपल्या मुंबई विद्यापीठाचे पहिले पदवीधर १८६२ सालीं बाहेर पडले. त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे होते. पदवी हातीं येण्यापूर्वींच दोघेहि दक्षिणा फेलो होते. पेशव्यांच्या दक्षिणेच्या निधींतून मिळणाऱ्या वेतनावर स्वतः शिकावयाचें आणि खालच्या वर्गांना शिकवावयाचें, असा तो परिपाठ होता. त्यानें त्यांचें नुकसान झालें, असें कोण म्हणेल?

कुर्डुवाडीकरांना आणखी एक दाखला देतों. १८९७ सालीं सुरू झालेली बार्शी लाइट रेल्वे अडीच फुटी रुळांवरून धांवे. मुंबईस जाणाऱ्यानें कुर्डुवाडीस उतरावें, गांठोडें उचलावें आणि मोठी गाडी गांठावी. आतां तेथें सर्वत्र रुंद रूळ आहेत. परंतु मराठी शाळेंतून इंग्रजी पुस्तकांच्या वर्गांत येणाऱ्या मुलाला अजूनहि गाडी बदलावीच लागते. प्राध्यापकांना विचारण्यास तो बुजतो. दोन वर्षांपूर्वीं त्याच पायरीवर ठेंचाळलेल्या ताईला मात्र तो विचारतो.

तथापि वडिलांची भीति अगदीं खोटी नाहीं, आणि त्याहून मोठा एक धोका आम्हांस ठाऊक आहे. महाविद्यालयांत असतां आम्ही एका मित्राच्या मदतीस धांवलों. त्याचीं सर्व उदाहरणें आम्हींच सोडवून दिलीं. तो कृतज्ञतेनें उतरून घेई. परीक्षेंत कोरा कागद त्याच्यापुढें राहिला. तो गांवीं गेला तो परत आला नाहीं. आपण त्याला शिकविलें नव्हतें, केवळ त्याच्या जागीं शिकलों होतों, हें आम्हांस फार उशिरा उमगलें.

म्हणून नातीला इतकेंच सांगावें: तास ठरवून घे आणि ते ओलांडूं नको. पेन्सिल समोरच्याच्या हातीं राहूं दे, तूं फक्त विचार, "येथपर्यंत कसा आलास?" जें येत नाहीं तें "येत नाहीं, सरांना विचारूं" असें मोकळेपणीं म्हण. कोणाचा कच्चेपणा घरीं वा वसतिगृहांत चर्चेस आणूं नको. मोबदला मिळत असल्यास संकोच न करतां घे. रानडे-भांडारकरांनींहि घेतला होता.

आणि आजोबा, आपल्या पत्राच्या ताज्या कलमांत एक ओळ आहे: पहिल्या वर्षीं नात पेटी भरून घरीं निघाली होती, आणि वसतिगृहांतल्या कोणा वरच्या वर्गांतल्या मुलीनें महिनाभर जवळ बसवून तिला गणित समजावलें, म्हणून ती टिकली. आपण निकाल आमच्याकडे मागतां. तो आपणच लिहून धाडला आहे. नात गप्प आहे खरी, पण तिला अद्याप कोणीं विचारलें आहे काय? आधीं तिला विचारावें.