सहा हजारची रॅम

गेल्या महिन्यात भाच्यासाठी नवा डेस्कटॉप जोडला. आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे, रेंडरिंग करायला लागलाय आणि जुना पीसी पुरेना. २०२५ च्या अखेरपासून रॅमचे भाव कसे भडकले ते ज्यांनी घेतली त्यांना विचारा! ताईने आरडी मोडली आणि आम्ही मामा-भाचे लॅमिंग्टन रोडवरून एकेक भाग घेऊन आलो. प्रोसेसर रायझन ७६००, आणि १६-१६ जीबीच्या दोन डीडीआर५ रॅम. खोक्यावर ठसठशीत अक्षरात : ६०००.

रविवारी दुपारी जोडणी झाली. बटण दाबल्यावर दोन-तीन मिनिटं नुसता काळा स्क्रीन. ताईचा चेहरा पडला, माझाही थोडा पडलाच. पण डीडीआर५चं पहिल्यांदा असं होतं. बोर्ड त्या वेळात रॅमशी सूर जुळवत असतो. मग विंडोज चढलं, ताईने कॅबिनेटला हळद-कुंकू लावलं, पेढे आले. मी हात झटकून चहाला बसलो.

तेवढ्यात भाचेबुवांनी टास्क मॅनेजर उघडला. "मामा, आपण सहा हजारची घेतली ना? मग इथे चार हजार आठशे का लिहिलंय?"

तर मंडळी, गोष्ट अशी आहे. प्रत्येक रॅमवर एक बारीकशी चिप असते आणि तिच्यात त्या रॅमची कुंडली लिहिलेली असते. त्यात एक वेग जेडेक या संस्थेच्या मानकाचा, म्हणजे कुठल्याही बोर्डावर बिनधास्त चालेल असा. दुसरा, रॅम बनवणाऱ्याने खोक्यावर छापलेला. या दुसऱ्या नोंदीला इंटेलवाले एक्सएमपी म्हणतात (२००७ पासून), एएमडीवाले डीडीआर५साठी एक्स्पो म्हणतात (२०२२ पासून). तुम्ही बायॉसमध्ये जाऊन सांगेपर्यंत बोर्ड पहिलाच वेग धरून बसतो. तक्रार नाही, सूचना नाही, काही नाही. आमच्या बाबतीत म्हणजे पैसे ६०००चे आणि काम ४८००चं. प्रत्येक चॅनलमागे सेकंदाला ४८ जीबीऐवजी ३८.४ जीबी.

बायॉसमध्ये जाऊन एक्स्पो चालू केलं. दोन मिनिटांचं काम. मी पुन्हा चहाकडे वळणार, तर भाचा म्हणाला, "मग जुन्याचं काय?"

जुना पीसीही मीच जोडून दिला होता, २०१९ साली. डीडीआर४ ३२००ची रॅम. कोपऱ्यात पडला होता, तो लावला आणि बघितलं. २१३३. सहा वर्षं! विकत घेतलेल्या वेगाचा एक तृतीयांश भाग सहा वर्षं कुणी वापरलाच नव्हता. त्यात त्या पिढीच्या रायझनमध्ये प्रोसेसरच्या आतल्या दळणवळणाचा वेगही रॅमच्या वेगाला बांधलेला. एक ढिला, की दुसराही ढिला.

आता खरं सांगायचं ते सांगतो. शाळेत असताना हा पोरगा मला कितीदा म्हणायचा, "मामा, मित्राकडे हेच ग्राफिक्स कार्ड आहे, त्याच्याकडे गेम अडखळत नाही, आपल्याकडेच अडखळतो." आणि मी काय सांगायचो? सगळ्या ड्राइव्हवर कचरा भरून ठेवतोस, मग असंच होणार. एकदा ताईसमोर चांगलाच झापला होता. सगळा दोष रॅमचा होता असं नाही म्हणत मी. पण त्या दिवशी एक्सएमपी चालू करून त्याने तोच गेम लावला आणि फरक आम्हा दोघांनाही दिसला. तो काही बोलला नाही. मीच म्हणालो, "चुकलं रे माझं." तो हसला फक्त.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात घोळतेय. बंद पडलेली वस्तू आपण दुरुस्त करतो. कमी चालणारी वस्तू मात्र आपण चालवून घेतो आणि दोष वापरणाऱ्याला देतो. माझं स्पष्ट मत आहे, की पहिल्यांदा चालू होताना बोर्डाने सरळ विचारावं : ही रॅम ६०००ची आहे, सध्या ४८००वर चालतेय, बदलू का? एवढा एक प्रश्न. आणि जोडून देणाऱ्याने, मग तो दुकानदार असो की मामा, हा आकडा गिऱ्हाइकाला दाखवल्याशिवाय पेढा खाऊ नये.

कुणी म्हणेल, बोर्ड सावध राहतो त्यात चूक काय? बरोबर आहे. प्रोसेसरवाले अधिकृतपणे याला ओव्हरक्लॉकिंगच म्हणतात. रायझन ७६००चा अधिकृत आकडा ५२००च आहे. म्हणजे खोक्यावर मोठ्या अक्षरात ६००० आणि बारीक अक्षरात 'तुमच्या जबाबदारीवर'. म्हणून तर विचारा म्हणतोय. गुपचूप हळू चालणं ही सावधगिरी नव्हे.

दुसऱ्या टोकाचा धडाही मिळाला. भाच्याला चेव आला, म्हणाला ६४०० करूया. केलं. विंडोज झकास चढलं, रेंडरही झालं. पण यावेळी मी शहाणा झालो होतो. रात्रभर मेमटेस्ट लावून ठेवली. सकाळी स्क्रीनवर लाल चुकांची रांग! अशी रॅम लगेच बंद पडत नाही. ती एखाद्या फाइलमधला एखादा आकडा गुपचूप बिघडवते, आणि ते कळतं सबमिशनच्या आदल्या रात्री. परत ६०००वर आलो, पुन्हा रात्रभर टेस्ट, एकही चूक नाही. तिथेच थांबलो.

बरोबर वेग म्हणजे सगळ्यात जास्त वेग नव्हे, आणि आपोआप मिळालेला वेगही नव्हे. जो तुम्ही स्वतः डोळ्यांनी बघितलाय आणि एक रात्र तपासलाय, तो बरोबर.

असो. पीसी जोडलेल्या सगळ्यांनी, विशेषतः ज्या नातेवाइकांचे पीसी मी जोडून दिलेत त्यांनी, आज कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा आणि स्पीडपुढचा आकडा खोक्यावरच्या आकड्याशी ताडून बघा. कमी असेल तर मला फोन करा. रागवायचं असेल तरी करा. तेवढं मी ऐकून घेईन.