ऑफिसच्या एसीत कोणता फिल्टर आहे? हिवाळ्याआधी हे विचारायला हवं

हिवाळा आला की मुंबईची हवा बिघडते. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने याची स्वतःहून दखल घेतली. महापालिकेनेही बांधकामांची धूळ रोखण्यासाठी नियमावली काढली. पण ही सगळी चर्चा बाहेरच्या हवेची. आपण आठ-नऊ तास ऑफिसात बसतो, तिथल्या हवेचं काय?

सेंट्रल एसी बाहेरची थोडी हवा घेतो, आतल्या हवेत मिसळतो आणि फिल्टरमधून फिरवतो. म्हणून फिल्टर कोणता, हे महत्त्वाचं.

मर्व्ह म्हणजे काय?

फिल्टरची क्षमता मर्व्ह १ ते १६ अशी मोजतात. आकडा मोठा, तितके बारीक कण अडतात. मर्व्ह ८ जाड धूळ आणि परागकण बऱ्यापैकी अडवतो. पण ०.३ ते १ मायक्रॉनच्या कणांसाठी त्याला किमान अटच नाही. धुराचे बरेचसे कण याच आकाराचे असतात आणि ते फुप्फुसात खोलवर जातात. मर्व्ह १३ ने यातले निदान निम्मे अडवायलाच हवेत. अमेरिकेच्या सीडीसीने २०२३ मध्ये मर्व्ह १३ किंवा त्यावरचा फिल्टर सुचवला, तो विषाणूंचा प्रसार कमी करण्यासाठी.

मग सगळ्यात मोठा आकडाच घ्यायचा?

नाही. फिल्टर दाट असेल तर हवा ढकलायला पंख्याला जास्त जोर लागतो. जुन्या यंत्रणेचा पंखा कमी पडला, तर हवाच कमी फिरते आणि कूलिंगही घटतं. म्हणून आधी पंख्याची क्षमता तपासायची, मग तिला पेलेल असा सगळ्यात चांगला फिल्टर निवडायचा. फिल्टर चौकटीत घट्ट बसलेला नसेल, तर हवा फटीतून निघून जाते आणि महागडा फिल्टरही वाया जातो.

फिल्टरने काय होत नाही?

कार्बन डायऑक्साइड अडत नाही. वीज वाचवण्यासाठी बाहेरची हवा बंद केली, तर दुपारपर्यंत खोली कोंदट होते. साध्या स्प्लिट एसीत बाहेरची हवा येतच नाही आणि त्याची जाळी फक्त जाड धूळ अडवते. तिथे हेपा फिल्टरचा एअर प्युरिफायर आणि थोडा वेळ उघडी खिडकी, हाच व्यवहार्य मार्ग.

ऑफिसला काय विचाराल?

१. फिल्टर कोणत्या मर्व्हचा आहे?
२. शेवटचा कधी बदलला?
३. बाहेरची हवा आत येते का?

'एसीचं सर्व्हिसिंग झालंय' हे या तिन्हींपैकी एकाचंही उत्तर नाही.