नीमोची पिल्ले आणि घरातला समुद्र

केशरी अंग, त्यावर तीन पांढरे पट्टे. २००३ मध्ये आलेल्या ‘फाइंडिंग नीमो’ या चित्रपटानंतर क्लाउनफिशला लहान मुले ‘नीमो’ याच नावाने ओळखू लागली. खाऱ्या पाण्यातला हा मासा पाळण्याचा छंद आता किनाऱ्यापुरता उरलेला नाही. सागरी मीठ पिशवीत मिळते, मासे प्राणवायू भरलेल्या पिशवीत प्रवास करतात आणि अकलूजसारख्या, समुद्रापासून सरळ रेषेत सुमारे दोनशे किलोमीटर दूर असलेल्या गावातही दिवाणखान्यात समुद्र उभा करता येतो. त्यापुढची पायरी म्हणजे या माशांची घरातच वीण घेऊन पिल्ले वाढवणे. ‘यामुळे समुद्रातले मासे वाचतात आणि चार पैसेही मिळतात’, असे सांगितले जाते. हे कितपत खरे आहे आणि त्याची किंमत कोणती, हे तपासून पाहण्याची ही वेळ आहे.

वेळ महत्त्वाची आहे, कारण या माशाचे मूळ घरच संकटात आहे. समुद्राचे तापमान वाढल्याने जगभरातील प्रवाळ पांढरे पडत असल्याचे आणि ही अशी चौथी जागतिक घटना असल्याचे अमेरिकेच्या ‘नोआ’ संस्थेने एप्रिल २०२४ मध्ये जाहीर केले. त्याच उन्हाळ्यात लक्षद्वीपच्या प्रवाळांनाही मोठा फटका बसल्याचे आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने नोंदवले. क्लाउनफिश ज्या समुद्रफुलांच्या आश्रयाने राहतो, तीही उष्णतेने पांढरी पडतात. पापुआ न्यू गिनीच्या किंबे उपसागरात २०२३ च्या उष्णतेच्या लाटेत संशोधकांनी १३४ क्लाउनफिश महिनोन्‌महिने मोजले. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात बहुतेक माशांची लांबीच कमी झालेली आढळली आणि जे आखडले त्यांची जगण्याची शक्यता वाढली. संकटात अंग चोरून घेणारा हा मासा चिवट आहे. पण त्या चिवटपणालाही मर्यादा आहे.

दुसरा ताण व्यापाराचा. गोड्या पाण्यातले बहुतेक शोभिवंत मासे शेततळ्यांत आणि टाक्यांत पैदा होतात. समुद्री माशांचे उलटे आहे. त्यांतील बहुसंख्य आजही प्रवाळांतून पकडून आणले जातात. फिलिपिन्समधील सेबू परिसरात २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत जेथे पकड जास्त, तेथे क्लाउनफिश आणि समुद्रफुले दोन्ही विरळ झाल्याचे दिसले. ‘नीमो’ चित्रपटामुळेच मागणी भडकली, हे मात्र ठामपणे म्हणता येत नाही. नंतरच्या संशोधकांनी आकडे तपासले तेव्हा या समजुतीला पुरावा तुटपुंजा निघाला. भारतात २०१७ मध्ये केंद्राने मत्स्यालयांसाठी नियम काढले. दीडशेहून अधिक जातींच्या विक्री-प्रदर्शनावर बंदी घालणाऱ्या त्या यादीत क्लाउनफिशही होता. व्यावसायिकांच्या विरोधानंतर ते नियम मागे घेण्यात आले. बंदी टिकली नाही. मग उरतो तो बंदिस्त प्रजननाचा मार्ग.

या मार्गावर क्लाउनफिश सर्वांत पुढे आहे. १९७०च्या दशकातच अमेरिकेत त्याची कृत्रिम पैदास यशस्वी झाली. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या मंडपम आणि विळिंजम येथील केंद्रांनी अनेक जातींचे बीजोत्पादन तंत्र बसवले. महाराष्ट्रात वनखात्याच्या कांदळवन कक्षाशी संलग्न कांदळवन प्रतिष्ठानाने नवी मुंबईत ऐरोली येथील किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात शोभिवंत सागरी माशांची हॅचरी उभारली. त्यासाठी लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोचे तांत्रिक साहाय्य मिळाले. अंड्यांपासून पिल्लांपर्यंतचे अवघड काम हॅचरीने करायचे आणि पुढची वाढ किनाऱ्यावरच्या बचतगटांनी करायची, अशी ही मांडणी आहे. लक्षद्वीपच्या अगत्ती बेटावरही याच ब्युरोने स्थानिक महिलांना शोभिवंत सागरी जिवांच्या संगोपनाचे प्रशिक्षण दिले आहे. कामाची ही विभागणी का केली, हे पिल्लांचे पहिले दहा दिवस पाहिले की कळते.

क्लाउनफिशची जोडी जमवणे सोपे. हे सगळे मासे जन्मतः नरच होऊ शकतात. कळपातला सर्वांत मोठा मासा मादी बनतो. मादी मेली तर तिचा जोडीदार नर काही आठवड्यांत मादी होतो आणि खालचा पिल्लू-मासा वाढून नर होतो. जर्मनीच्या फ्रिक दांपत्याने १९७७ मध्ये हे सविस्तर मांडले. त्यामुळे दोन लहान मासे एकत्र ठेवले की कालांतराने जोडी बनते. मात्र पहिल्या अंड्यांसाठी वर्ष-दीड वर्ष, कधी त्याहून अधिक काळ थांबावे लागते. मादी स्वच्छ केलेल्या दगडावर किंवा मातीच्या कुंडीच्या पाठीवर काहीशे केशरी अंडी चिकटवते. नर ती परांनी वारा घालून, मेलेली अंडी वेचून राखतो. सहा-सात दिवसांत अंड्यांतून चंदेरी डोळे चमकू लागतात आणि त्यानंतर एखाद्या रात्री, दिवे मालवल्यावर तास-दोन तासांत, पिल्ले बाहेर पडतात.

खरी परीक्षा त्यानंतर. तीन-चार मिलिमीटरचे हे पिल्लू दिसेल त्यावर झडप घालते. पण त्याच्या तोंडात मावेल असा जिवंत घास लागतो. तो घास म्हणजे रोटिफर हा डोळ्यांना ठिपक्यासारखाही जेमतेम दिसणारा जीव. पिल्लांच्या टाकीत दर मिलिलिटरला पाच-दहा रोटिफर सतत असावे लागतात. त्यांच्यासाठी हिरवे सूक्ष्म शैवाल वेगळे वाढवावे लागते. म्हणजे मासे पाळण्याआधी त्यांच्या खाद्याचे खाद्य पाळावे लागते. शैवालातून रोटिफरमध्ये आणि तेथून पिल्लांत जाणारे ओमेगा-३ मेद, विशेषतः डीएचए, कमी पडले तर पिल्ले पोटभर खाऊनही दगावतात. मानवी बाळाच्या मेंदूच्या आणि दृष्टीच्या वाढीलाही हाच घटक लागतो. पाचव्या-सातव्या दिवसानंतर नुकत्याच फुटलेल्या आर्टेमियाचा घास सुरू होतो. आठव्या ते बाराव्या दिवसाच्या सुमारास पिल्लाचे रूप पालटते आणि डोक्यावर पहिला पांढरा पट्टा उमटतो. बेडकाचा टॅडपोल ज्या थायरॉईड संप्रेरकाने बदलतो, त्याचाच येथेही हात असतो. या दहा दिवसांत चार तासांची बेफिकिरीसुद्धा अख्खी पिढी संपवते. घरगुती प्रयत्नांत काहीशे अंड्यांतून मूठभर पिल्ले हाती लागणे, हाच पहिल्या काही वेळचा रिवाज असतो.

आता हा हिशेब अकलूजच्या घरात मांडून पाहू. पहिला प्रश्न पाण्याचा. दोनशे लिटरच्या टाकीला एका भरणीसाठी सुमारे सात किलो सागरी मीठ लागते आणि ते विरघळवण्यासाठी क्षार नसलेले पाणी. ऊसपट्ट्यातले बोअरचे पाणी जड असते. खतांमुळे त्यात नायट्रेटही उतरू शकते. त्यामुळे आरओ यंत्र अपरिहार्य ठरते आणि ते एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर पाणी बाहेर टाकते. उन्हाळ्यात टँकरकडे डोळे लावणाऱ्या जिल्ह्यात ही चैन आहे. निदान ते पाणी फरशी पुसायला, संडासात टाकायला वापरले गेले पाहिजे. यातून एक उपयोगाची गोष्ट मात्र घडू शकते. माशांसाठी बोअरचे पाणी तपासणाऱ्याने तोच अहवाल घरच्यांसाठीही वाचावा. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरमागे ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावे, असे भारतीय मानक सांगते. वरचे दूध घेणाऱ्या तान्ह्या बाळांना जास्तीच्या नायट्रेटने रक्तातील प्राणवायू वाहण्याची शक्ती घटून धोका होतो आणि पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही, उलट त्याचे प्रमाण वाढते.

दुसरा प्रश्न उष्णतेचा. क्लाउनफिशला २५ ते २८ अंशांच्या आसपासचे पाणी मानवते. सोलापूर जिल्ह्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो. वीज गेली की एकीकडे पाणी तापते आणि दुसरीकडे त्यातला प्राणवायू कमी होतो. चिलर, इन्व्हर्टर, पंप यांचे बिल जोडले, तर चार पैसे मिळवण्याची भाषा पहिल्या वर्षातच विरते. खारे पाणी वीज चांगली वाहून नेते, हेही विसरता कामा नये. हीटर-पंपाच्या वायरी टाकीच्या पातळीखाली वळसा देऊन नेणे, अर्थिंग नीट असणे आणि गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी बसवणे ही काटकसर करण्याची जागा नव्हे. टाकीत हात घालण्याआधी बटण बंद करण्याची सवय घरातल्या मुलांनाही हवी.

आरोग्याचे काही धोके कमी माहितीचे आहेत. ‘मायकोबॅक्टेरियम मरिनम’ हा क्षयाच्या जंतूचा भाऊबंद माशांमध्ये आणि टाक्यांच्या पाण्यात आढळतो. १९२६ मध्ये फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातील मेलेल्या समुद्री माशांतून तो प्रथम ओळखला गेला. बोटावर ओरखडा असताना टाकी साफ केली, तर काही आठवड्यांनी तेथे जांभळट गाठ किंवा न भरणारी जखम दिसते. कधी हातावर वरवर चढत जाणारी गाठींची माळ तयार होते. गाठ दुखत नाही, म्हणून दुर्लक्ष होते. मग गजकर्ण समजून दुकानातले स्टेरॉइडचे मलम लावले जाते आणि निदान महिनोन्‌महिने लांबते. हा जंतू ३७ अंशांवर नीट वाढत नाही. प्रयोगशाळेत ३० अंशांच्या आसपास वाढवावा लागतो. त्यामुळे ‘घरी फिशटँक आहे’ हे एक वाक्य रुग्णाने डॉक्टरांना सांगितले नाही आणि डॉक्टरांनी विचारले नाही, तर तपासणी कोरी येऊ शकते. आजार माणसाकडून माणसाला पसरत नाही आणि औषधांनी बरा होतो. पण उपचार काही महिने चालतात. जखम असताना हातमोजे आणि काम झाल्यावर साबण, एवढ्याने तो बहुतांशी टळतो. प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणाऱ्यांनी टाकी साफ करण्याचे काम दुसऱ्यावर सोपवावे.

समुद्री टाकीत शोभेसाठी ठेवल्या जाणाऱ्या काही ‘झोअँथिड’ जिवांत पॅलीटॉक्सिन हे अतिशय जहाल विष असते. ते चिकटलेला दगड उकळत्या पाण्याने किंवा ब्रशने साफ करताना उडालेल्या तुषारांमुळे अख्ख्या घराला ताप, धाप आणि डोळ्यांची जळजळ झाल्याच्या घटना परदेशांत नोंदल्या आहेत. असा दगड घरात कधीही उकळू नये. अंड्यांवर बुरशी येऊ नये म्हणून वापरले जाणारे फॉर्मॅलिन आणि मॅलाकाइट ग्रीन ही उघड्या हाताने हाताळण्याची रसायने नाहीत. मासे मलूल दिसताच टाकीत माणसांच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या कुटून टाकण्याची पद्धत तर दुहेरी तोट्याची आहे. त्याने पाणी शुद्ध ठेवणारे उपयुक्त जीवाणू मरतात आणि औषधाला दाद न देणारे जंतू गटारात जातात. शिवाय आरओचे गोडे पाणी साठवलेले पिंप उघडे राहिले, तर डेंगीच्या डासाला आयती जागा मिळते.

इतके सगळे जमून पिल्ले वाढली, तरी ‘समुद्र वाचला’ म्हणता येईल का? ज्या घरात अन्यथा पकडून आणलेला मासा आला असता, तेथे टाकीत जन्मलेला गेला, तरच एक मासा वाचला. केवळ नवे गिऱ्हाईक तयार झाले, तर समुद्राच्या वाट्याला काहीच येत नाही. त्यातून जोडीला जिवंत समुद्रफूल किंवा प्रवाळ विकत घेतले, तर हिशेब उलटा होतो. टाकीतल्या क्लाउनफिशला समुद्रफुलाची गरज नसते आणि प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे कवच आहे. नको झालेल्या माशांचे काय, हाही प्रश्न आहे. क्लाउनफिश नीरेत सोडला तर मरेल. पण टाकीतल्या गोड्या पाण्यातला सकर मासा असाच ‘सोडून दिल्याने’ आज देशभरातल्या जलाशयांत पसरला आहे आणि उजनीतल्या मच्छीमारांच्या जाळ्यातही येतो. पाळलेला मासा नदीत सोडणे याला भूतदया म्हणता येत नाही.

म्हणून अकलूजच्या छंदिष्टापुढे पर्याय सरळ आहेत. मासा घ्यायचाच असेल, तर तो हॅचरीत जन्मलेला आहे का, हे विचारून आणि पावतीवर लिहून घ्यावे. ग्राहकाने हा प्रश्न विचारल्याशिवाय दुकानदार तो पुरवठादाराला विचारणार नाही. मत्स्यव्यवसाय विभागाने हॅचरीतल्या माशांना ओळखता येईल असे प्रमाणपत्र दिले, तर ऐरोलीची हॅचरी आणि किनाऱ्यावरच्या बचतगटांना घाटावर हक्काची बाजारपेठ मिळेल. घरात वीण घेणाऱ्याने ती शिकण्यासाठी घ्यावी, पोटासाठी नव्हे. शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत एखादी जोडी, तिची वही आणि रोजच्या पाण्याच्या नोंदी ठेवल्या, तर लिंगबदलापासून संप्रेरकांपर्यंत जीवशास्त्राचे अर्धे पुस्तक डोळ्यांसमोर उलगडेल. तेवढा खर्च आणि तेवढी शिस्त झेपत नसेल, तर गप्पीची टाकी काही कमी शिकवत नाही. डासांच्या अळ्या खाऊन ती घरचे आरोग्यही राखते.