भूगर्भाची भाषा भूमिपुत्रांनी वाचावी

11 डिसेंबर 1967च्या पहाटे कोयनानगर हादरले. सुमारे 180 जणांचा बळी गेला. जलाशयाशी निगडित भूकंपांचे क्षेत्र म्हणून पाटणचा हा परिसर जगभर अभ्यासला जातो. पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची प्रयोगशाळा कराडजवळ हजारमाचीला उभी आहे. 2017 साली गोठणे येथे 3 किलोमीटर खोल विंधनछिद्र घेऊन शास्त्रज्ञ बेसाल्टखालच्या ग्रॅनाइटी खडकात पोहोचले. भारतीय विज्ञानाचे हे कर्तृत्व अभिमानास्पदच आहे.

परंतु भूकंपमापकांतून अखंड येणाऱ्या आकड्यांचा अर्थ लावणाऱ्यांत पाटणचे तरुण किती? येथील तरुणाईची वाट आजही मुंबईकडेच जाते. शिवाय संगणक शिकलेल्यास खडक ठाऊक नसतो आणि खडक जाणणाऱ्यास संगणक. ही दरी व्याख्यानांनी बुजत नाही, सहवासाने बुजते. गुरुकुलाचे मर्म हेच. शिवाजी विद्यापीठ, कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि ही प्रयोगशाळा यांनी मिळून निवासी अभ्यासकेंद्र उभारावे. दिवसा डोंगरउतारांची पाहणी, सायंकाळी नोंदींचे विश्लेषण, असा त्याचा दिनक्रम असावा.

जुलै 2021च्या अतिवृष्टीत आंबेघर, मिरगाव, ढोकावळे येथे दरडी कोसळल्या. भूकंपाचे नेमके भाकीत आजही शक्य नाही. मात्र पाऊस, उतार आणि माती यांच्या नोंदी एकत्र वाचून धोक्याच्या वस्त्या हेरता येतात.

कोयनेच्या विजेने महाराष्ट्र उजळला. त्यासाठी ज्यांनी घरदार सोडले, त्यांच्या नातवंडांच्या हाती या भूमीचे ज्ञान देणे हा उपकार नव्हे. ती समाजाची ऋणफेड आहे.