आई जिथे कवितेत येते

रूपी कौरला ‘इन्स्टाग्रामवरची कवयित्री’ म्हणून मोडीत काढणं मला पटत नाही. पंजाबात जन्मलेल्या या कॅनेडियन मुलीनं ‘मिल्क अँड हनी’ २०१४ साली स्वतःच छापलं. त्यातल्या बऱ्याच कविता सुविचारांच्या अंगानं जातात, स्वतःवर प्रेम कर, जाणाऱ्याला जाऊ दे वगैरे; त्या कुणीही कुणालाही ऐकवाव्यात. पण २०१७च्या ‘द सन अँड हर फ्लॉवर्स’मध्ये परदेशी मूळ धरण्यावर एक अख्खा विभाग आहे. तिथे आईवडिलांच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीवरची कविता वाचा. आईच्या उच्चारांची लाज वाटणाऱ्या मुलांना ती थेट हटकते, आणि एक देश सोडून आलेली बाई आपल्यासमोर उभी राहते. गुरुमुखीत कॅपिटल अक्षरं नसतात म्हणून कौर इंग्रजीतही ती टाळते. ही मला नुसती लकब वाटत नाही, त्यामागे घर आहे. त्याच वर्षी यूट्यूबवरच्या गॅबी हॅनाचा ‘ॲडल्टोलेसन्स’ हा कवितासंग्रह आला. तिचं एकटेपण खोटं आहे, असं मी मुळीच म्हणणार नाही. पण कविता ‘मला दुखतंय’पाशीच थांबते. ज्यानं दुखावलं त्यालाही चेहरा नाही, आणि काही पानांवर तर एखाददुसरी ओळ नि शेजारी रेखाचित्र, बस्स. लाखो चाहते आधीच हाताशी असले की ‘हे अजून कच्चं आहे, पुन्हा लिही’ असं सांगणारं माणूस मिळणं कठीण होतं. हॅनाला असा खमका संपादक लाभायला हवा होता, असं मला मनापासून वाटतं.