सदसद्विवेक आणि पूर्वसूचना

बाबा पदमनजी यांनी १८५४ साली ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली ती बेळगावात. त्याच बेळगावात भरलेल्या अधिवेशनात २३ डिसेंबर २०२१ रोजी कर्नाटक विधानसभेने धर्मांतरविरोधी विधेयक संमत केले. २०२२ मध्ये त्याचा कायदा झाला आणि धर्म बदलू इच्छिणाऱ्याने ३० दिवस आधी जिल्हा दंडाधिकाऱ्यास कळविणे बंधनकारक ठरले. वास्तविक हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाने २०१२ मध्येच पूर्वसूचनेची अशी अट घटनाबाह्य ठरविली होती. जून २०२३ मध्ये कर्नाटकाच्या मंत्रिमंडळाने हा कायदा मागे घेण्याचे ठरविले. तथापि त्यामागील विचार एका राज्यापुरता मर्यादित नसल्याने त्याचा प्रतिवाद आवश्यक आहे.

दुर्बलांना प्रलोभनापासून वाचविण्यासाठी असा कायदा हवा, हा समर्थकांचा युक्तिवाद. धाक किंवा फसवणूक यांच्या बळावर घडविलेले धर्मांतर निंद्यच; ते करणाऱ्या धर्मप्रचारकालाही सदसद्विवेकाची चाड नसते. परंतु या कायद्याने स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमाती यांना अज्ञान मुले व मनोदुर्बल यांच्याच पंक्तीत बसविले आणि त्यांच्या अवैध धर्मांतरासाठी १० वर्षांपर्यंत कारावास ठेवला. हे संरक्षण नव्हे. त्यांच्या विचारशक्तीवरील अविश्वास आहे. शिवाय लगतच्या पूर्वधर्मात परतणे हे धर्मांतरच नव्हे, असेही त्यात म्हटले आहे. म्हणजे चिंता व्यक्तीच्या सदसद्विवेकाची नसून समाजाच्या शिरगणतीची आहे.

या अविश्वासाला मराठीच्या इतिहासात चोख उत्तर आहे. ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाई मात्र त्यांच्यामागे गेल्या नाहीत. पुढे काही वर्षांनी त्यांनी बाप्तिस्मा घेतला तो स्वतःच्या मनाची खात्री पटल्यावर. पतीला नकार आणि नंतर होकार, दोन्ही त्यांचेच होते, हे ‘स्मृतिचित्रे’च्या वाचकाला सांगावे लागत नाही. डॉ. आंबेडकरांनी १९३५ मध्ये येवल्यास धर्मांतराची घोषणा केली आणि १९५६ मध्ये नागपुरास लाखो अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. मधल्या २१ वर्षांच्या चिंतनाला कोणत्या दंडाधिकाऱ्याची नोंदवही पुरी पडली असती?

राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदात सदसद्विवेकबुद्धीच्या स्वातंत्र्याचा उल्लेख धर्माचरणाच्याही आधी येतो. बंगळुरातील जे. पी. नगर ज्यांच्या नावाने वसले, त्या जयप्रकाश नारायणांनी १९७५ मध्ये आणीबाणीला विरोध करून कारावास पत्करला. राजधानीतील वसाहतीला त्यांचे नाव देणाऱ्या राज्याने नागरिकाच्या अंतःकरणाची आगाऊ वर्दी मागू नये, ही अपेक्षा अवाजवी नाही.