‘लॅग मारते’ हे पुण्याला कळणार कसे?
खामगाव-मलकापूरची पोरे मोबाइलवर खेळताना हेडफोनमध्ये वऱ्हाडीतच बोलतात. ‘लॅग मारून राह्यलं ना बे!’ ही नुसती कुरकुर नव्हे. फोनचा संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ म्हणजे पिंग. तो वाढला की गोळी झाडण्याआधीच गडी बाद. पुण्याच्या सुपरगेमिंगने ‘इंडस’ हा गेम २०२४ मध्ये आणण्यापूर्वी खेळाडूंकडून चाचण्या करून घेतल्या. अशा वेळी अभिप्राय इंग्रजीतच मागितला, तर स्वस्त फोन आणि डळमळत्या नेटवर खेळणारा बुलडाण्याचा पोरगा काही लिहीत बसत नाही. गेम काढून टाकतो. का काढला, हे निर्मात्याला कळतच नाही. त्यापेक्षा मराठीत बोलून तक्रार नोंदवायची सोय द्यावी. वऱ्हाडी समजणारा माणूस पुण्यात शोधावा लागत नाही.